शुभेच्छांची जोडणी

“काका, जिंकलात तुम्ही! आमचा विभाग तुमच्या प्रोग्रामला जोडून टाका, आजच्या आज!” ग्राहकांना शुभेच्छांचे मेसेज पाठवणाऱ्या विभागाची बाई एकखिडकीच्या टेबलापाशी येऊन म्हणाली, आणि त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

विमा कंपनीत त्याला सगळे एकखिडकीच म्हणत. चिडवून, दुसरं काय! ग्राहकाची माहिती एकाच ठिकाणी ठेवावी, सगळ्या विभागांनी तिथूनच घ्यावी, म्हणून त्यानं एक प्रोग्राम लिहिला होता. “छान आहे हो,” म्हणत प्रत्येक विभागानं आपली वेगळी चूल मांडली. कुणी म्हणे आमचे रकाने वेगळे, कुणी म्हणे तुमचं बंद पडलं तर आम्ही काय करायचं? बैठकांत कंठशोष करता करता त्याचे केस पिकले.

“काल एका गृहस्थांना वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या,” बाई म्हणाली. “ते वारल्याची नोंद तुमच्याकडे होती, आमच्याकडे नव्हती. त्यांची मुलगी इथे येऊन रडली हो.”

“परवा जोडू या?”

“अहो, इतकी वर्षं तुम्हीच आमच्या मागे हात धुऊन लागला होतात ना? आता परवा कसलं?”

त्यानं चष्मा काढून पुसला. “उद्या बायकोचा वाढदिवस. तिची पॉलिसी इथलीच. ती गेली. माझ्याकडे नोंद केली मी, तुम्हाला कळवायचं मात्र मुद्दामच टाळलं. तिचा फोन चार्ज करून ठेवतो. दरवर्षी सकाळी तुमचा मेसेज आला की वाजतो. तिच्या नावानं आता तेवढंच येतं.”

बाई खुर्ची ओढून बसली. मग हळूच म्हणाली, “तेवढं एक नाव वगळते ना मी. कुणाला कळतंय?”

किती सोपं होतं! त्यानं मान हलवायचीच काय ती बाकी होती. पण ‘तेवढं एक’ करत करतच कंपनीभर चुली झाल्या होत्या. आणि त्या रडणाऱ्या मुलीला तरी मेसेज हवा का, हे कुणी विचारलं होतं?

“नको,” तो म्हणाला आणि जोडणी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा घेऊन फोनसमोर बसला. चहा निवला, फोन गप्पच. घर खायला उठलं. शेवटी घसा खाकरून, समोरच्या खुर्चीकडे बघत, तो जरा लाजतच म्हणाला, “वाढदिवसाच्या शुभेच्छा.”

मग तिचं नाव घेतलं.