भूमध्य म्हणतात मला

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. भूमध्य. नाव समुद्राचं, आणि मुक्काम कुठं, तर मुरुम गावच्या शाळेत, भिंतीवरच्या कापडी नकाशावर! इथून कुठल्याही दिशेला चालत निघा, समुद्र लागायला दिवसचे दिवस जातील.

लॅटिन भाषेत माझा एक थोरला भाऊ आहे. त्याचा अर्थ ‘जमिनीच्या मधला’. आधी ती भाषा बोलणारे लोक समुद्रापासून दूर, आत राहणाऱ्यांना तो शब्द लावायचे. म्हणजे बघा, तुम्हा मुरुमकरांनाच की! पुढं जमिनीनं वेढलेल्या समुद्राला तो चिकटला. मग आपल्याकडच्या कुणा जाणत्यानं ‘भू’ आणि ‘मध्य’ जोडून मला घडवलं.

माझे सुखाचे दिवस आले ते वीरप्पा गुरुजींमुळं. दरवर्षी ते शाळेमागच्या काळ्या मातीत त्या समुद्राच्या आकाराचा खड्डा खणायचे, मुलांकडून घागरीनं पाणी ओतून घ्यायचे आणि त्यांना माझं नाव मोठ्यानं घ्यायला लावायचे. काय रुबाब होता माझा! एकदा पश्चिमेकडची, महासागराला मिळणारी चिंचोळी वाट मोकळी ठेवून ते वळले, तर नीलम्मा नावाच्या पोरीनं ढेकूळ लावून ती बुजवूनच टाकली.

“अगं, ते समुद्राचं तोंड हाय!” गुरुजी म्हणाले.

“तोंड उघडं ठिवल्यावर पाणी थांबतंय व्हय, गुर्जी? समदं वाहून जाईल की!”

शेतकऱ्याची लेक ती, फुटका बांध तिला कसा बघवेल? गुरुजी पोट धरून हसले. “मोठी झालीस की तिथं जाऊनच बघ,” म्हणाले. तेव्हापासून मला आस लागली, की ही पोर त्या पाण्यासमोर उभी राहून माझं नाव घेईल.

नंतर वर्गात टीव्ही आला आणि नकाशा कपाटावर गेला. धुळीत फार एकटं वाटतं हो. निवृत्त होताना गुरुजींनी तो मागून घरी नेला, म्हणून मी वाचलो.

नीलम्मा नर्स झाली. परवा तिचा फोन आला, थेट इटलीहून. “गुर्जी, मी मेडिटेरेनियनच्या काठावर उभी हाय! लई निळं पाणी हाय ओ!”

मेडिटेरेनियन! म्हणजे माझ्या थोरल्या भावाचंच इंग्रजी रूप. अगं, आणि मी? मी गुरुजींच्या अगदी ओठांवर आलो होतो. पण एवढ्या आनंदात पोरीची चूक काढणं त्यांच्या जिवावर आलं. “डोळं भरून बघ, बाळ,” एवढंच म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसत बसले. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी कधी तिथं गेलात, तर मला तेवढं बरोबर न्या. पाण्यासमोर एकदा मोठ्यानं म्हणा. मी अजून समुद्र पाहिलेला नाही.