पाठ काळी, पोट पिवळं

इस्त्रीचा काटा ‘रेशीम’च्या थोडा अलीकडे. पुढे नाही.

लालीबाईच्या खांद्यावर निळा डाग, तळहाताएवढा.

एक टाचणी.

यवतमाळच्या माझ्या घरातली एक खोली सहा महिने रिकामी. खिडकीला जाळी बसवून झाली आहे.

जमनीआत्याच्या कशिद्याला उलटी बाजू नसते.

*

आता जोडून सांगते.

माझा बा, उत्तमसिंग, आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचा. निवृत्त झाल्यावर बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यावर तो रिमोटची विमानं बनवू लागला. हलक्या लाकडाचा सांगाडा, वरून इस्त्रीने चिकटवायची रंगीत फिल्म. लोक त्याला पायलट म्हणत. थोडं कौतुकाने, बरंचसं चिडवायला.

मग त्याची साखर डोळ्यांत उतरली, नजर अधू झाली. डिसेंबरात, वेचणीच्या दिवसांत, विमान कापूस वेचणाऱ्या लालीबाईच्या खांद्यावर आदळलं. तिचा नवरा फुलसिंग ओसरीवर येऊन बसला आणि आवाज न चढवता म्हणाला की पुढच्या वेळी डोकं असेल.

मी बाला म्हटलं, पुरे झालं, यवतमाळला चल, तुझी खोली तयार आहे. त्याने एक संधी मागितली. नवं विमान अख्खं पिवळं करायचं आणि पंखांच्या फक्त पाठीवर चार रुंद काळ्या पट्ट्या द्यायच्या.

“काळं दिसलं तं पाठ, पिवळं दिसलं तं पोट,” तो म्हणाला. “एवढंही नाही समजलं, तं रिमोट तुह्या हाती.”

पट्टीची कड त्याला धरवेना, म्हणून त्याची मोठी बहीण जमनीआत्या इस्त्री घेऊन बसली. फिल्मवर फिल्म लावताना आच कमी ठेवायची, नाहीतर खालची आक्रसते. इस्त्रीला जुनं बनियन गुंडाळायचं. मधून कडेकडे जायचं. हवा अडकून फुगा आलाच तर टाचणी टोचून दाबायचं. बा सांगत राहिला. शेवटी ती म्हणाली, “मले कायले शिकवतं रे पायलट? तुह्यी चड्डी मीच शिवत होती.”

तो हसला आणि डोळ्यांत थेंब टाकून आत पडायला गेला. आत्याचं काम चालू राहिलं. दिग्रसच्या बाजारात तिची कांचळी, आमची कशिद्याची चोळी, बायका आधी उलटून बघतात. आतला टाका बाहेरच्यासारखाच असतो. अर्धं काम तिने आयुष्यात कुणाला दिलेलं नाही.

सकाळी विमान चाकांवर उभं होतं. बाने पाठीला नाक टेकवून पट्ट्या मोजल्या. चार. एकही फुगा नव्हता.

*

मार्च. कापसाची पऱ्हाटी उपटलेलं वावर. आजूबाजूला माणूस नाही, हे मी दोनदा पाहिलं.

विमान चांगलं चढलं. बाने ते कुशीवरून उलटंसुलटं फिरवलं, पुन्हा फिरवलं. चार-पाच वेळा. मग थांबला. आता कोणती बाजू वर आहे ते त्याला फक्त रंगावरून कळणार होतं.

“काळं,” तो स्वतःशीच म्हणाला. परत फिरवलं. “काळंच.”

मी उन्हाला हात आडवा धरून वर पाहिलं.

“वर्षा, मले काळंच दिसून राह्यलं. तुले काय दिसते?”

विमान सुलटं होतं. पोट आमच्या बाजूला.

“पिवळं दिसून राह्यलं, बा,” मी म्हणाले.

त्याने पुन्हा विचारलं नाही. मोटर बंद केली. विमान धुऱ्यापलीकडे पडलं तेव्हा तो तिकडे बघतही नव्हता. रिमोट त्याने माझ्या हातात दिला आणि ढेकळांतून वाट चाचपत घराकडे निघाला. येताना त्याने वाट चाचपली नव्हती.

तुकडे मी एकटीने पोत्यात भरले.

*

खोली आता रिकामी नाही. बा भिंतीला हात लावून चालतो. भिंगाने पेपरचे मथळे वाचायचा, ते भिंग त्याने माझ्या मुलीला देऊन टाकलं. ताटात भाजी कुठे आहे ते विचारतो. विमानांची पेटी उघडलेली नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेलं. समोरच्या अक्षरांकडे मान वर करण्याआधीच तो म्हणाला, मले नाही दिसत. मशीनवर तपासून झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. नजर जानेवारीत होती तेवढीच आहे, एवढं तर त्यांना दिसायला हवं, म्हणाले. परत येताना ऑटोत मी बाला सांगितलं की थेंब तेच चालू ठेवायचे आहेत.

जमनीआत्याचा फोन येतो. पट्ट्या उखडल्या म्हणून विमान पडलं का, असं ती दर वेळी विचारते. मी सांगते, एकही कड सुटली नव्हती. तेवढं खरं आहे.

*

त्या सकाळी वावरात जाताना ऊन होतं, म्हणून विमान मी डोक्यावर धरलं होतं. त्याच्या पोटावर चार काळ्या पट्ट्या होत्या.