गल्लीखालचा बिडाचा रांजण

मी एक जुना बिडाचा रांजण आहे. यांगून शहराच्या जुन्या भागात, आठ-आठ मजली इमारतींच्या मधल्या एका अरुंद गल्लीखाली विटांची एक खोली आहे आणि त्या खोलीत मी शंभर वर्षांहून जास्त काळ उभा आहे. पाण्याच्या रांजणाला लोक हात धुऊन शिवतात. मला शिवल्यावर हात धुतात. एरवी त्याच्यात आणि माझ्यात फारसा फरक नाही, मित्रांनो. तोही भरतो आणि रिकामा होतो, मीही तेच करतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका ओतशाळेत झाला. जहाजाच्या पोटात बसून मी इथे आलो. तेलुगू मजुरांनी मला दोरखंडांनी बांधले, सुरात हाका दिल्या आणि हळूहळू खाली सोडले. मग वर झाकण बसले. सूर्य मी तेवढाच पाहिला.

माझे काम सोपे आहे. गल्लीतल्या घरांचे मैलापाणी माझ्यात उतरते. मी काठोकाठ भरलो, की एक झडप उघडते, दूरच्या यंत्रघरातली दाबलेली हवा नळातून माझ्यात शिरते आणि सगळी घाण पुढच्या गटारात ढकलून देते. मग ती हवा 'फुस्स' करून बाहेर पडते. हा आवाज ऐकून गल्लीतली मुले म्हणत, "आजोबा घोरायला लागले." घोरतो कसला! मला झोप लागली, तर तुमच्या मोऱ्या वर उसळतील.

सुरुवातीची वर्षे कौतुकाची होती. माझ्याआधी इथे मैल्याच्या गाड्या फिरत आणि दर उन्हाळ्यात पटकीने घरे ओस पडत. मी आल्यावर ते कमी झाले, तेव्हा बड्या पाहुण्यांना मुद्दाम आणून माझे झाकण उघडून दाखवीत. पाहुणे नाकाला रुमाल लावून 'वा, वा' म्हणत. पुढे राज्ये बदलली, रस्त्यांची नावे बदलली. दुमजली घरांच्या जागी आठमजली इमारती उठल्या आणि त्या सगळ्यांचे मैलापाणी माझ्याच गळ्यात आले. माझे पोट मात्र होते तेवढेच राहिले. त्यात तळणीचे तेल, मासळीचे काटे, पिशव्या, लहानग्यांच्या चड्ड्या, काय काय म्हणून येई! झडप अडके आणि मी तुंबून बसे. मग लोक मला शिव्या देत. कौतुकाला येणारा पाहुणा आता कोणी नव्हता.

एक माणूस तेवढा येई. त्याचे नाव बा न्युंट; लोक मानाने 'ऊ बा न्युंट' म्हणत. ठेंगणा, टक्कल पडलेला, गालात कायम पानाचा तोबरा. माझी झडप सोडवणे, गाळ काढणे हे त्याचे काम होते. खाली उतरला, की माझ्या कडेवर थाप मारून म्हणे, "काय आबा, आज काय गिळलंत?"

उतरण्याआधी तो एक गोष्ट न चुकता करी. इथे प्रत्येक मजल्याच्या सज्ज्यातून एक दोरी खाली लोंबते. तिच्या टोकाला चिमटा आणि वरच्या टोकाला घंटी. पेपरवाला दोरी ओढतो, मोहिंग्याची न्याहारी विकणारी ओढते आणि वरून माणूस डोकावतो. बा न्युंट एकेक करून सगळ्या दोऱ्या ओढी.

"नळ बंद करा! मोरीत काही ओतू नका, मी खाली उतरतोय!"

तिसऱ्या मजल्यावरून दॉ म्या थी ही म्हातारी डोकावे. गल्लीतल्या कोणत्याही समारंभाची सूत्रे हिच्याच हातात असत. वर्गणी तीच गोळा करी आणि भांडणेही तीच मिटवी.

"अहो ऊ बा न्युंट, भाताची पेज काढायला घेतली आणि तुम्ही नेमके आत्ताच उगवलात! आता ही पेज कुठं ओतू?"

"माझं डोकं सोडून कुठंही ओता, मावशी."

"डोक्यावर ओतली तर चार केस तरी उगवतील तुमच्या!"

सगळी गल्ली हसे. बा न्युंटही हसे आणि खाली उतरे. मला या माणसाचा लळा लागला होता. बिडाला लळा लागतो का, असे तुम्ही विचाराल. लागतो.

मग सुधारणेचे वारे आले. मा खाइन नावाची एक तरुण इंजिनिअरबाई आली. तिने जुने फुटके नळ बदलले, काहींना आतून नवे अस्तर लावले. माझ्या जागी पुढेमागे विजेचा पंप बसवायचे तिने ठरवले, म्हणजे खाली माणूस उतरवायची गरजच उरणार नव्हती. तोवर तिने कामगारांना कमरेचा पट्टा दिला, विषारी वायू मोजायचे यंत्र दिले आणि एक ब्लोअर दिला. झाकण उघडायचे, ब्लोअरची जाड नळी आत सोडायची, खोलीतली कोंडलेली हवा पुरती बदलू द्यायची आणि यंत्राने हिरवा दिवा दाखवला तरच उतरायचे, असा तिचा नियम. हा ब्लोअर इतका कर्कश होता, की गल्लीने त्याचे नाव भोंगा ठेवले.

"भोंग्याशिवाय उतरायचं नाही, काका," मा खाइन बजावून म्हणाली. "कोणी कुरकुरलं तर माझं नाव सांगा."

"कुरकुरत नाही हो बाई कोणी," बा न्युंट म्हणाला. "तोच तर घोटाळा आहे."

तो खरे बोलला. या गावात 'आना' म्हणून एक शब्द आहे. आपल्यामुळे समोरच्याला त्रास होईल, त्याचे मन दुखेल, या विचाराने जीव आखडतो, त्याला आना म्हणतात. तुम्ही तिला भीड म्हणाल. पण तुम्हाला भीड पडते ती बहुधा मोठ्यांची. इथल्या लोकांना दारावरच्या भाजीवालीचीही पडते. पहिल्यांदा भोंगा लागला, तेव्हा कोणी ओरडले नाही. खिडक्या हलक्या हाताने बंद झाल्या. दॉ म्या थीने तर दोरीला किटली बांधून चहा खाली सोडला आणि अगदी गोड आवाजात विचारले, "बराच वेळ चालतो का हो हा?"

एवढे पुरले. दुसऱ्या वेळी बा न्युंटने भोंगा थोडा लवकर बंद केला. तिसऱ्या वेळी आणखी लवकर. मला वरचे सगळे ऐकू येते, मित्रांनो. बोलता येत नाही.

भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला आणि त्यांना वस्त्रे देण्याचा, चीवरदानाचा महिना आला. गल्लीत मांडव पडला. दॉ म्या थी चार दिवस नुसती पळत होती. भंतेंना आमंत्रण गेले होते. सकाळी पठण, मग भोजन, मग चीवरदान. शेजारच्या चार गल्ल्यांचे लोक येणार होते. त्या दिवशी पहाटेपासून कोंबडीच्या कालवणाची मोठमोठी पातेली धुतली गेली आणि त्यांचे तेल, हाडे, चोथा सगळे माझ्यात आले. माझी झडप अडकली. मी भरलो, ती उघडेना. पाणी खोलीत चढले आणि झाकणाच्या फटीतून गल्लीत पाझरू लागले. मांडव दहा पावलांवर होता.

दॉ म्या थीने माणूस पाठवून बा न्युंटला बोलावले. त्याच्याबरोबर झॉ लात होता, त्याचा नेहमीचा जोडीदार, दोन लेकरांचा बाप. ते पोहोचले, तेव्हा पठण सुरू झाले होते.

त्यांनी झाकण उघडले. तुंबलेले पाणी त्यांनी हातपंपाने बाजूच्या नाल्यात काढले. खोली मोकळी झाली, पण गाळ ढवळला गेला होता आणि त्यातून वाईट हवा सुटत होती. तिला मी ओळखतो. ती थोडी असताना सडक्या अंड्यासारखी वास मारते आणि फार झाली, की नाकालाच मारून टाकते.

दॉ म्या थी हातात हात गुंफून जवळ आली. तिने भोंग्याकडे पाहिले. "लावू नका" असे ती म्हणाली नाही, हे मी शपथेवर सांगेन.

"भंते पठण करतायत," एवढेच ती म्हणाली आणि कसनुसे हसली.

"काळजी नको मावशी," बा न्युंट म्हणाला. "आवाज होणार नाही."

ती गेल्यावर झॉ लात हळूच म्हणाला, "काका, भोंगा?"

"पठण ऐकू येतंय ना तुला? एवढे लोक डोळे मिटून बसलेत. त्यात हे भुंकायला लावू?"

"मग पठण संपेपर्यंत थांबू."

"आणि तोवर खोली पुन्हा भरून घाण भंतेंच्या पायाशी गेली म्हणजे? म्हातारीची अब्रू जाईल रे. नुसती झडप सोडवायची. गेलो नि आलो."

झॉ लातच्या तोंडात आणखी काहीतरी होते. ते त्याने गिळले. बापाच्या वयाच्या माणसाला चारचौघांत कसे अडवायचे? त्यालाही आनाच पडली. एवढ्यात मा खाइनचा फोन आला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला होती.

"काका, भोंगा लावलाय ना?"

"हो हो, बाई. सगळं नीट चाललंय. तुम्ही नका धावपळ करू."

ती काम टाकून धावत येईल, म्हणून तो खोटे बोलला. बघा, मित्रांनो, त्या सकाळी एकही माणूस वाईट वागला नाही.

तोंडाला फडके बांधून, वायू मोजायचे यंत्र न लावताच बा न्युंट उतरला. मी जिवाच्या आकांताने काहीतरी करायला हवे होते. मला हात नाहीत आणि माझी झडपसुद्धा माझ्या ताब्यात नाही. त्याने पाना लावला, एक हिसका दिला. "काय आबा..." एवढे बोलला आणि थांबला. त्याचे गुडघे वाकले. तो माझ्यावर पालथा पडला. त्याचा गाल माझ्या थंड बिडाला लागला.

"काका?" वरून झॉ लात कुजबुजला. अजूनही कुजबुजलाच! मग त्याने पट्ट्याला बांधलेला दोर ओढला. बा न्युंटचा पट्टा पायरीच्या गजात अडकला, एकट्याच्या ताकदीने हलेना. झॉ लात दोनदा ओरडला, पण तेवढ्यात सारा मांडव एका सुरात 'साधु, साधु' म्हणत होता. तेव्हा झॉ लातने भोंगा लावला.

पठण तुटले. सगळ्यांच्या माना वळल्या. मग लोक धावले. सर्वांत पुढे वयोवृद्ध भंते होते. चीवर सावरत त्यांनी स्वतः दोर धरला आणि चौघांनी मिळून बा न्युंटला वर काढले. त्याला गल्लीत निजवले, छाती दाबली, तोंडावर पाणी मारले. त्याचा श्वास काही परत आला नाही. भोंगा चालूच होता. तो बंद करायचे कोणाला सुचले नाही.

शेवटी कोणीतरी तो बंद केला, तेव्हा भंतेंचा आवाज ऐकू आला.

"लावायचा होता ना भोंगा. आम्ही थांबलो असतो."

दॉ म्या थी मटकन रस्त्यावरच बसली.

काही दिवसांनी बा न्युंटची बायको दॉ न्यो गल्लीत आली. अपघाताने गेलेल्याचा जीव मेल्याच्या जागी घुटमळतो, त्याला घरी न्यावे लागते, असे इथे मानतात. तिने एक हिरवी डहाळी माझ्या झाकणावर टेकवली आणि म्हणाली, "चला हो. घरी चला आता." गल्ली खाली माना घालून भोवती उभी होती.

दॉ म्या थी पुढे आली. "दॉ न्यो, माझ्यामुळं झालं हो. मी नुसतं एवढंच म्हटलं, पण मला..."

"नाही हो मावशी," दॉ न्यो घाईने म्हणाली. "त्यांच्या छातीत आधीपासूनच दुखायचं. आज ना उद्या व्हायचंच होतं. तुम्ही कोणी मनाला लावून घेऊ नका."

गल्लीने श्वास सोडला, तो मला खाली ऐकू आला. कोणी तिला खुर्ची दिली, कोणी चहा आणला. झॉ लात मात्र हुंदका देऊन रडला. नवऱ्याचे प्रेत ज्या गल्लीतून उचलले, त्या गल्लीचे मन दुखू नये म्हणून ती बाई खोटे बोलत होती, हे त्यालाही कळले होते.

आता गल्लीत विचाराल तर सगळे तेच सांगतात. बिचाऱ्याच्या छातीत दुखायचे. मा खाइननेही पुष्कळ विचारपूस केली, तिलाही तेच सांगितले.

परवा झॉ लात उतरायला आला. त्याने भोंगा लावला. पाचव्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि कोणीतरी हसून म्हणाले, "बाळ आत्ताच झोपलंय हो." थोडा वेळ गेला. मग भोंगा बंद झाला. झॉ लात उतरला, झडप सोडवली आणि वर गेला. या वेळी वर गेला.

मित्रांनो, मी फार दिवसांचा सोबती नाही. विजेचा पंप आला, की मला वाळू भरून बुजवतील. त्याचे मला दुःख नाही. पण ते होईपर्यंत माणसे खाली उतरत राहणार आणि खरे काय झाले, ते माझ्याशिवाय कोणी सांगणार नाही. झडप सोडवताना बा न्युंट मला कवेत घेई. त्याची छाती माझ्या अंगाला टेकलेली असे. मी ती वर्षानुवर्षे ऐकली. तिच्यात काहीएक दुखत नव्हते.

तुमच्या दारासमोरचे झाकण कोणी उघडले, तर तेवढा वेळ मोरीत पाणी सोडू नका. तेल आणि पिशव्या तर कधीच सोडू नका. आणि भोंगा लागला, तर खिडकीत येऊन गोड हसू नका. लागला नसेल, तर खाली जा आणि ओरडून विचारा, का लावला नाही म्हणून. उद्धट म्हणतील, म्हणू द्या. बाळ उठले, तर उठू द्या.