हाताचं की विजेचं

“हाताला चव आहे गं तुझ्या, पण कुणाला सांगू नकोस. एकदा कळलं, की ओट्यापासून सुटका नाही!” आई तिला लहानपणी म्हणायची. तिनेही कुणाला सांगितलं नव्हतंच. एका रविवारी लाटण्याने लाटून, सुरीने कापून पास्ता केला, एवढंच. नवऱ्याने बोटं चाटली, सासूबाईंनी शेजारी वाटला, आणि तिला न विचारताच घरगुती पास्त्याचा धंदा ठरला.

आता पास्त्याचं यंत्र घ्यायला आलेली ती, भांड्यांच्या दुकानात, दोन मांडण्यांमधल्या अरुंद वाटेत, दोघांच्या मधोमध उभी होती.

“विजेचं घेऊ. बटण दाबलं की झालं,” नवरा म्हणाला.

“आणि बिघडलं की? हाताचंच बरं. ओट्याला घट्ट आवळायचं, की हलायचं नाव नाही,” सासूबाईंनी यंत्राचा स्क्रू पिळून दाखवला.

“तू दिवसभर फिरवणार आहेस का हँडल?”

“मी कशाला? ही आहे की!”

तिने यंत्रावरची, पोळीची जाडी ठरवणारी चकती एकेक घर पुढे सरकवली. दोन रुळांमधली फट बारीक होत गेली.

“अगं, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? बोल, कुठलं घ्यायचं?” नवऱ्याने विचारलं.

“कुठलंही घ्या, पण फिरवायचं तुम्हीच,” ती म्हणाली. “नकाशांच्या कचेरीतल्या नोकरीला मी होकार कळवलाय. सोमवारपासून कामावर जातेय.”