शंभर फुटांची साखळी आणि चालती भुई

मी बोलतेय, चावडीतल्या खुंटीवरची मोजणीची साखळी! शंभर फूट लांब, शंभर कड्या. हलवून बघा, अजून खणखणते.

निजामाच्या अमलात मला जरीब म्हणत. वीतभर बांधावरून भाऊ भावाच्या अंगावर धावून गेला, की मला बाहेर काढायचे. मी ताणले गेले की दोघंही गप्प! त्याचा मला भारी तोरा होता. हलतात ती माणसं, जमीन जागची हलत नाही, अशी माझी पक्की समजूत. विलीनीकरणानंतर नव्या फिती आल्या आणि मी गंजत पडले.

मग अठ्ठावन्न सालच्या पौषात उस्मानाबादहून आयुब आला. भूगर्भशास्त्र शिकलेला, काटकुळा, बोलताना हात थांबत नसत. बेंबळीजवळच्या माळाखाली लांबलचक भेग आहे आणि तिच्या एका अंगाची जमीन दुसरीला घासून आडवी सरकते, असं त्याचं म्हणणं. भेग ओलांडताना तिथले तिन्ही ओढे उजवीकडं वळतात. तिन्ही सारखेच सरकलेले निघाले तर भुईच सरकली असं धरून काम पुढं, नाहीतर बंद, असं वरिष्ठांनी हसत बजावलं होतं. त्याची फीत वाटेत तुटली म्हणून माझं नशीब उघडलं.

बब्रुवान कोतवालानं माझं टोक धरलं. पहिला ओढा साठ फूट सरकलेला. दुसरा एकोणसाठ! आयुब नाचायचाच बाकी होता. तिसरा मात्र भरला दीडशे.

"या अल्ला, सगळं पाण्यात गेलं!" आयुबनं वही मिटली.

ज्वारीतून शेताची मालकीण कोंडाबाई हसत आली.

"आरं लेकरा, ह्यो वळसा भुईचा न्हाय, माझ्या सासऱ्याचा हाय. हिरीला पाणी मुरावं म्हणून त्यांनी बांध घालून वढा तिकडं नेला."

"मग मावशी, जुना वढा कुठनं जायचा?"

"त्यो काय! त्या पट्ट्यात गाळ लई. जवारी दर साली हातभर उंच येती."

आयुब धावला. मागोमाग मीही, कडी न् कडी वाजवत! वळणापासून त्या उंच पट्ट्यापर्यंत मोजलं.

"साठ, मावशी, साठ!"

बब्रुवाननं पागोटंच उडवलं.

भेगेनं तोडलेल्या दगडगोट्यांच्या थरात आयुबला जुन्या काळच्या हत्तीचा दात सापडला होता. त्यावरून त्यानं त्या थराचं वय वीस हजार वर्षं धरलं आणि साठ फुटांचा वहीत भागाकार केला. शंभर वर्षांत सुमारे चार बोटं!

"पण रोज थोडी न्हाय सरकत, मावशी. शेकडो वर्षं गप बसती, मग एकदम हिसका देती."

कोंडाबाईनं आपली चार बोटं डोळ्यांपुढं धरली. "चार बोटं बांधापायी माझा सासरा आन् त्येंचा भाऊ मरस्तोवर बोलले न्हाईत. आन् भुई आपली खुशाल चाललीय!"

मला लाज वाटली, पण आनंद त्याहून मोठा होता. जिला जागच्या जागी ठेवल्याच्या गमजा मी मारत होते, तिची चाल मीच मोजली होती!

जाताना आयुबनं भेगेच्या दोन्ही अंगांना, भुई सरकली की अंतर वाढेल असा तिरका, एकेक दगड रोवला. या दगडापासून त्या दगडापर्यंत मी नेमकी पुरते. त्याला आता पाच वर्षं झाली.

माझं एकच मागणं आहे. अधूनमधून मला तिथं नेऊन ताणा. अपुरी पडले, तर साखळी आखडली असं म्हणू नका. भुईनं पाऊल टाकलं असं समजा, आणि आधी कोंडाबाईच्या घरी सांगायला धावा.