हमरापूरचे ढग

हमरापुरात हौसेने घराबाहेर कुणी झोपल्याचं हिरामणला आठवत नव्हतं. ही कल्पना त्याच्या जावयाने, हरेशने, रोह्याहून आणली. हरेशच्या कंपनीतल्या एका साहेबाने कॅम्पिंग केलं होतं. म्हणजे चांगलं बांधलेलं घर असताना तो डोंगरात तंबू ठोकून झोपला होता, आणि तरीही त्याची साहेबकी शाबूत होती.

हिरामणने हो म्हटलं, कारण लग्न झाल्यापासून तो बायकोला ‘पुढच्या साली महाबळेश्वर’ असं सांगत आला होता आणि पुढचं साल दरवर्षी गणपती खाऊन टाकत. त्याचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता, पण कारखान्याचं नाव होतं ते बायकोमुळे, सीताबाईमुळे. मूर्तींचे डोळे कुंचल्याने काढायची ती. पेणच्या मंडळाचे हैबतराव दरसाल येऊन बजावायचे, "डोळे बाईंच्याच हातचे पायजेत, नायतर मूर्ती ठेवा तुमच्याकडं."

तर दिवाळी झाली की रविवारी निघायचं ठरलं. मूर्ती वाहायचा टेम्पो, मूर्तींखालचाच पेंढा गादीला आणि कारखान्यावरची ताडपत्री तंबूला. महाड, मग घाट चढून थेट महाबळेश्वर. गुरुवारी अंगणात तंबूची तालीम झाली. तंबू तिसऱ्या खेपेला उभा राहिला तेव्हा हरेशने खूश होऊन सासूला समोर बोट करून दाखवलं.

"मामी, ती खिंड बघा. तसल्याच खिंडीतनं आपला टेम्पो चढणार."

"कुठली खिंड?"

"त्या डोंगरातली."

"कुठल्या डोंगरातली?"

हिरामण हसला. "जावयाची मस्करी करतेस व्हय गो?"

"मस्करी कसली? तिथं ढग हायेत."

आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं. हिरामणचं हसू तोंडावरच वाळलं. तो जास्वंदीपाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

"बोटं किती?"

"हात वर केलाव व्हय?"

हरेशने तंबूचा बांबू सोडून दिला. तंबू खाली बसला. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

"अगो, मग मला लांबनं वळखतेस कशी?"

"चालीवरनं. डावा पाय फेकता तुमी." सीताबाई आता स्वतःच घाबरली होती. "लगीन होऊन आले तवापासून ते निळं ढग बघते. मला वाटलं, हमरापुरात बाराही म्हयनं असतात."

हिरामण ओट्यावर बसला. पेणच्या स्टँडवर सीताबाई नणंदेशी न बोलता पुढे गेली म्हणून घरात उठलेलं वादळ त्याला आठवलं. बायको गर्विष्ठ आहे, असं तेव्हा तोही चारचौघांत म्हणाला होता. वीतभर अंतरावरचं काम ती केसाइतकं बारीक करायची. त्या वितीच्या पलीकडे तिला काय दिसतं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"उद्या पेणला. चष्मा करू," हरेश म्हणाला.

"नको!" सीताबाई ओरडली. "डोळे काढणारीलाच डोळे नायत, असं गावभर झालं तर हैबतराव मूर्ती घेतील? कोण तरी घेईल का?"

हे हिरामणच्याही मनात येऊन गेलं होतं. त्याने चाचरत तोड काढली. "चष्म्याबिगर जाऊ. डोंगर आला की मी सांगत जाईन."

"अवो, ढग दाखवायला एवढं डिझेल जाळणार?"

दुसऱ्या दिवशी हिरामण स्वतःच तिला डोळे तपासायला पेणला घेऊन गेला आणि शनिवारी दुपारी हरेशसह चष्मा आणायला.

दुकानाच्या पायरीवर सीताबाईने चष्मा चढवला आणि पहिल्यांदा नवऱ्याकडे बघितलं. चार पावलांवरून. बराच वेळ.

"अवो," ती हादरून म्हणाली, "तुमी म्हातारे कवा झालात?"

हिरामण काही बोलणार तोच तिची नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेली आणि तिने त्याचा दंड गच्च धरला. छपरांच्या मागे डोंगर होता. त्याला कडा होत्या, झाडं होती, वर एक वाट गेली होती.

"एवढ्या जवळ?" ती पुटपुटली. "आणि सांगितलं नाय कुणी?"

आणि नेमके तेव्हाच हैबतराव पानाच्या गादीवरून रस्ता ओलांडून आले.

"सीताबाई! तुमाला चष्मा?"

"लांबचा हाय," ती डोंगरावरची नजर न काढता म्हणाली. "गणपती जवळ असतो."

हैबतरावांनी जरा विचार केला आणि मान डोलावली. "मग पुढच्या सालची आमची मूर्ती लिहून ठेवा."

"जावय," सीताबाई म्हणाली, "ह्या डोंगराच्या मागं काय हाय?"

"आणखी डोंगर, मामी."

"मग रविवारची वाट कशाला बघता?"

टेम्पोत पेंढा अजून भरायचा होता; तेवढ्यासाठी तिघं लगबगीने हमरापूरला परतली.