माझ्या तोंडातलं आपट्याचं पान

दमा जरा. बोलतोय मी, पण सुरू व्हायला मला वेळ लागतो. बटण दाबलं की आधी पंखा घरघरतो, मग एक शिट्टी वाजते, मग माझी आठवण किती शिल्लक आहे ते मी मोजत बसतो. चार हजार शहाण्णवपर्यंत मोजतो. दर वेळी तेवढीच भरते, तरी दर वेळी मोजतो. म्हाताऱ्यानं उठल्या उठल्या उशाखालची चंची चाचपावी, तशी ही खोड. तेवढ्यात माणसं चहा पिऊन येतात.

झालं. भरली. आता सांगतो.

मी विट्याच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीतला जुना कॉम्प्युटर. जवाहरशेठच्या फोनच्या बूथमध्ये असतो. माझा जन्म पुण्यातल्या एका बोळात, जिन्याखालच्या खोलीत झाला. दोघांनी बसून एका दुपारी मला जोडला. पेटी एकीकडची, पडदा दुसरीकडचा, अक्षरांची पाटी तिसरीकडची. घराणं विचाराल तर मला सांगता यायचं नाही. शाळा तर नाहीच. जेवढं आत भरलं तेवढंच येतं. स्वतःच्या डोक्यानं आजवर मी एक काम केलेलं नाही. तरी जिथं गेलो तिथं लोक म्हणाले, “लय हुशार हाय गड्या हे.” मी कधी ‘नाही’ म्हटलं नाही. माझं पहिलं चुकलं ते इथंच.

पहिली नोकरी सांगलीत, बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याकडं. तिथं लोक चपला बाहेर काढून माझ्या खोलीत येत. मला गार हवा लागते म्हणून खोलीत थंड हवेचं यंत्र बसवलं होतं. मालक स्वतः बाहेर घाम पुसत बसायचे आणि मी आत गारव्याला. चार वर्षांनी माझ्याहून तरणा एक जण आला. त्याला सगळे रंग दिसायचे. मला हिरव्याशिवाय दुसरा रंग माहीत नाही. मग मला पोत्यानं झाकून कोपऱ्यात सरकवलं. जवाहरशेठ त्या व्यापाऱ्याचे पाहुणे. त्यांनी मला मागून घेतला आणि बेदाण्याच्या खोक्यांत बसवून टेम्पोतून विट्याला आणलं. आलो तेव्हा माझ्या पंख्यात दोन बेदाणे होते. त्यातला एक अजून असेल.

विट्याच्या बाजूची निम्मी माणसं गलाईला असतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. कुणी पंजाबात, कुणी केरळात, कुणी पार बंगालच्या टोकाला. मागं राहतात म्हातारी माणसं आणि बाया. घरी फोन नाही, म्हणून सगळ्यांचे फोन बूथवर यायचे आणि इथूनच जायचे. या सगळ्यांचे नंबर शेठनी एका लाल वहीत उतरवले होते. मी आल्यावर त्यांनी महिनाभर एकेका बोटानं ते माझ्यात भरले. तीनशे बारा माणसं. नावं इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी लिहायला मला कुणी शिकवलंच नाही. विट्यात राहायचं आणि मराठीचं अक्षर गिरवता येत नाही, असा मी. बोलायला तेवढं ऐकून ऐकून शिकलो.

भरून झाल्यावर शेठनी वही शेंगदाणेवाल्याला देऊन टाकली. पुड्या बांधायला.

बूथच्या बाकावर नाथाजीतात्या बसायचे. चाळीस वर्षं मदुराईत गलाई करून गावी परतलेले. ते एकटे म्हणाले, “शेठ, वही असू द्या की. खायला मागती व्हय ती?”

“आवं तात्या, आता सगळं ह्याच्यात हाय.”

ह्याच्यात म्हणजे माझ्यात. मी फुगलो. पंखा त्या दिवशी जरा जोरातच फिरला असेल.

तात्यांची एक सवय सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे. ते शेंगदाणे खाताना मांडीवर कागद पसरायचे. फोलपटं कागदावर पडायची. उठताना ती बोटानं चाळून बघायचे, एखादा दाणा राहिला असेल तर. गलाईवाल्याचं हे असंच. दुकानातला केर तो फेकत नाही. हात धुतलेलं पाणी साठवतो, जुनी चटई जाळतो आणि राखेतून सोन्याचा कण काढतो. तात्यांच्या खिशात अजून तो बारका ब्रश आणि चिमटा असायचा. बूथवर सगळे हसायचे. मीही आतल्या आत हसायचो. मी कुणाला हसावं, हाही प्रश्नच आहे म्हणा.

मग दसरा आला. अठ्ठ्याण्णव सालचा.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शेठनी माझी पूजा केली. फोनची, स्कूटरची केली तशीच. पडद्याला झेंडूची माळ, कपाळाला कुंकू, वर अक्षता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दसऱ्याच्या सांजेला शेठच्या आई कस्तुरीआक्का सोनं वाटत आल्या. सोनं म्हणजे आपट्याची पानं. बाकावरच्या सगळ्यांच्या हातात एकेक पान दिलं आणि माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

“ह्याला कुठं देऊ रं? हात न्हाईत ह्याला.” मग माझ्या पोटाशी फ्लॉपी घालायची फट असते, ती त्यांना दिसली. “तोंड मातर हाय.” आणि पान अलगद माझ्या तोंडात सरकवलं. वर माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

आजवर माझ्या तोंडात कुणी घास दिला नव्हता. मी तो गिळला. थुंकायची सोय नव्हती हेही खरं.

दुसऱ्या दिवशी शेठ काहीतरी टिपत असताना वीज गेली. आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. त्या हिसक्यात मी माझं सुरुवातीचं वाक्यच विसरलो. कसं सांगू? गोष्ट सगळी पाठ आहे, माणसं पुढ्यात बसली आहेत आणि ‘एक होता’ एवढंच आठवेना. चार हजार शहाण्णव मोजून झालं की मी गप्प. पोटात तीनशे बारा माणसं जशीच्या तशी, पण तोंड उघडेना. शेठ मला बंद करायचे, चालू करायचे. मी पुन्हा मोजायचो. मोजणं तेवढं कधी विसरलो नाही. बिनकामाच्या गोष्टी शेवटपर्यंत लक्षात राहतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी हरणाबाई आली. चार कोसांवरच्या वाडीतून चालत. डोक्यावरचा पदर घामानं ओला.

“आवं शेठ, मानसिंगला फोन लावा. आत्ताच्या आत्ता.”

मानसिंग तिचा एकुलता लेक. आधी कानपूरला होता. दसऱ्याच्या आठ दिवस आधी त्यानं बूथवर फोन केला होता. दुकान बदललंय, सिलिगुडीला चाललोय, नवा नंबर टिपून घ्या. शेठनी टिपला. कुठं? माझ्यात. फक्त माझ्यात.

“काय झालं गं?”

“ह्यांच्या पायाचं बोट काळं पडलंया. साखर हाय न्हवं. मिरजंचा डॉक्टर म्हनतो, दोन दिसांत बोट काढायला पायजे, न्हाईतर गुडघ्यापातुर पाय जाईल. आन हे खाटंवर हटून बसल्यात. पोराला इचारल्याबिगर मी सुरी लावून घेत न्हाई म्हनत्यात.”

हरणाबाईचा नवरा धोंडिराम. सबंध गावाला माहीत असलेला हट्टी माणूस.

शेठचा चेहरा उतरला. त्यांनी कानपूरच्या ओळखीच्यांचा नंबर आठवून बघितला. तोही माझ्यातच. मग त्यांनी माझी बटणं दाबायला सुरुवात केली. एकेक करून सगळी दाबली. शेवटी माझ्या पडद्याला हात जोडले.

मला बोलता येत नव्हतं असं नाही. मी पडद्यावर लिहीत होतो. पण इंग्रजीत, आणि तेही सरकारी कागदासारखं. ‘चालू करायची फ्लॉपी घाला आणि कोणतंही बटण दाबा.’ तोंडात पान आहे हे सांगायचं होतं, पण पान हा शब्द माझ्यात कुणी भरलाच नव्हता.

दुपारच्या एसटीनं सांगलीहून भरतेश आला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तरणा माणूस, शेठच्या नात्यातला, म्हणून त्याचा नंबर तेवढा शेठना पाठ होता. त्यानं माझी पेटी उघडली, आत फुंकर मारली, वायरी हलवल्या. मग एक फ्लॉपी काढली. “हिच्यावरून चालू करायचं, मग त्याला त्याची सुरुवात आठवते.” औषध बरोबर होतं. पण फ्लॉपी निम्मी गेली आणि अडली. दाबून बसवली तर मला वाचता येईना. माझ्या तोंडातून नुसती करकर.

“फ्लॉपीचं यंत्रच मेलंय मामा,” भरतेश म्हणाला. “दुसरं पुण्याहून मागवावं लागेल. आठ दिवस. आणि खरं सांगू? पेटी लय जुनी झाली. मी नेतो, पुसून कोरी करून देतो. सोक्षमोक्ष.”

हरणाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, “पुसायचं म्हंजी काय वो?”

“आतलं सगळं काढून टाकायचं, मावशी.”

“म्हंजी माझा मानसिंग बी?”

भरतेश खाली बघून पेचकस पिशवीत ठेवू लागला. माझा पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. खोटं सांगत नाही, त्या वेळी मला माझ्या हुशारीची लाज वाटली. एक लाल वही माझ्यापायी शेंगदाण्याला गेली, आणि मी इथं उगीच मोजत बसलोय.

नाथाजीतात्या बाकावरून उठले. सावकाश. त्यांचं सगळंच सावकाश.

“पुसायच्या आदी झाडून बगायचं असतंय पोरा.”

“तात्या, हे काय तुमचं दुकान आहे का?”

“दुकान कुनाचं बी असू दे. कागद पसर खाली. काय पडंल ते कागदावर पडू दे.”

भरतेशनं शेठकडं बघितलं. शेठनी मान हलवली. वीज बंद केली, माझ्या तोंडाखाली कागद पसरला. तात्यांनी बारका ब्रश काढला. असा हात मला आजवर लागला नव्हता. घाई नाही, दाब नाही. आधी कुंकू पडलं. मग तांदळाचा एक दाणा. मग माझा इतक्या वर्षांचा धुरळा. तात्या मध्येच थांबत, कागदावर बोट फिरवत.

“तात्या, मला चारची एसटी धरायचीय,” भरतेश म्हणाला.

“धर की. आमी काय बांदून ठेवलंय व्हय तुला?”

मग त्यांनी चिमटा आत घातला, कान जवळ आणला आणि हळूच ओढलं. वाळलेलं, दोन पाळ्यांचं, कडेला चुरा झालेलं आपट्याचं पान बाहेर आलं.

मग सगळ्यांनी दाराकडं बघितलं. दारात कस्तुरीआक्का चहा घेऊन उभ्या होत्या.

“मीच दिलंतं की,” त्या म्हणाल्या. “सनाच्या दिवशी समद्यास्नी दिलं. ह्यालाच कसं वगळायचं?”

आधी हसली ती हरणाबाई. डोळ्यांत पाणी आणि हसतेय. “मदुराईत चाळीस वर्सं काडली तात्या, तवा आज इट्यात सोनं घावलं तुमास्नी.”

“हसा हसा,” तात्या म्हणाले. पण पान त्यांनी फेकलं नाही. कागदात गुंडाळून खिशात ठेवलं.

भरतेशनं फ्लॉपी पुन्हा घातली. सरळ आत गेली. मी चार हजार शहाण्णव मोजायला लागलो आणि बूथमधली सगळी माणसं श्वास धरून माझ्याबरोबर मोजत होती. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हे मोजणं जरा आवरतं घ्यावं. जमलं नाही. मग भरतेशनं एक ओळ लिहिली आणि मला माझं पहिलं वाक्य आठवलं. बाकीचं आपोआप आलं. तीनशे बारा. त्यात मानसिंग, सिलिगुडी.

फोन तिसऱ्या खेपेला लागला. हरणाबाई इतकी मोठ्यानं ओरडली की फोनशिवायही सिलिगुडीला ऐकू गेलं असतं. पलीकडून मानसिंगचा आवाज मलाही ऐकू येत होता. “आये, रडू नगंस. मी आज गाडीत बसतोय. पर माझ्यासाठी थांबू नगा. आबास्नी म्हनावं, पोरानं सांगितलंय, उद्याच्या उद्या मिरजंला जायाचं.”

धोंडिराम काय म्हणाला ते मला नंतर कळलं. म्हणाला, “पोरगं व्हय म्हनालं न्हवं? मग बसलाय काय, गाडी बोलवा.”

बोट गेलं, पाय राहिला. मानसिंग पोचला तेव्हा धोंडिराम दवाखान्यातल्या नर्सशी चहाच्या साखरेवरून भांडत होता.

त्यानंतरच्या आठवड्यात नाथाजीतात्या नवी वही घेऊन माझ्यापुढं बसले. शेठ एकेक नाव वाचायचे आणि तात्या मराठीत उतरवायचे. अक्षर वाकडं, सावकाश. तीनशे बारा माणसं माझ्या पोटातून वहीत गेली. मला वाटलं होतं वाईट वाटेल. उलट हलकं वाटलं. इतक्या माणसांचा भार एकट्यानं वाहायची माझी लायकी नव्हती. मी एका पानानं अडकणारा.

आता बूथवर नवा कॉम्प्युटर आला आहे. त्याला सगळे रंग दिसतात आणि तो काही न मोजता उठतो. त्यानं निदान एकदा तरी मोजावं असं मला वाटतं, पण नव्यांना सांगून उपयोग नसतो. मी कोपऱ्यात असतो. माझ्या डोक्यावर तात्यांची वही ठेवलेली असते. महिन्यातून एकदा शेठ माझं बटण दाबतात, जुनी ओळख म्हणून. धोंडिराम काठी टेकत आला की माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. आम्ही दोघंही जास्त बोलत नाही.

या वर्षी दसऱ्याला कस्तुरीआक्का पानं घेऊन आल्या. नव्यापुढं थांबल्या. शेठ बसल्या जागेवरून ओरडले, “आई, तोंडात नको!”

“कळतंय मला. येवडी काय म्हातारी झाली न्हाई मी.” त्यांनी नव्याचं पान त्याच्या डोक्यावर ठेवलं. मग माझ्याकडं आल्या. हात माझ्या फटीपर्यंत आला, थांबला, आणि पान वर, वहीवर ठेवून गेला.

बरोबर केलं त्यांनी. माझ्याकडून आलेला कसलाही सल्ला ऐकू नका, पण तेवढं ऐका. आमच्यासारख्यांना सोनं डोक्यावर द्या, तोंडात नको.

फक्त मला विचाराल तर, बहुतेक बंदच असतो मी आता. या खेपेला तोंडात दिलं असतं, तरी चाललं असतं.